चावंडच्या खोबण्या

कातळावर पाय ठेवण्याआधी तो त्यावरून तळवा फिरवायचा, बैलाची पाठ थोपटावी तसा. मग म्हणायचा, "गुळगुळीत झालंय, राव. टाकी मागतंय."

जुन्नरात घरोघरच्या जात्यांना टाकी लावणं, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीनं ठोकून पुन्हा खरबरीत करणं, हा त्याचा धंदा. मी कचेरीत होतो. गड पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था माझ्याकडे असे: बैलगाडी, पाणी, भाकरी, दोर आणि वाटाड्या. शिवनेरी कुणीही दाखवी, चावंडला मात्र हाच लागे. तिथल्या पायऱ्या इंग्रजांनी गड घेतल्यावर सुरुंगानं उडवल्या होत्या. त्या उभ्या कातळात यानं छिन्नीनं पाय रोवायला खोबण्या पाडायला घेतल्या होत्या. पाहुणे दम खात बसले, की याची ठाकठोक सुरू. तोफा कुठं होत्या, मारा कुठून झाला, हे तो हातोडी न थांबवता सांगे.

"इतक्या जवळजवळ कशाला रे? पाऊलही मावत नाही," एक उंच वकील वैतागले.

"तुमच्या मापाच्या न्हाईत त्या, सायेब."

मला ते खटकलं. खाली उतरल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारलं, "मग कुणाच्या मापाच्या?"

"आमच्या मंडळींच्या," तो लाजून म्हणाला.

लेक तापातून उठली, तेव्हा बायकोनं गडावरच्या चामुंडेला नवस बोलला होता, स्वतःच्या हातानं ओटी भरीन. पण ती ठेंगणी, मोडक्या कातळावर तिचा पाय पोचेना.

"ओटी मी नेतो म्हनलं, तर ऐकत न्हाई. लेक सासरी गेली, नवस तसाच. लई मनाला लावून घेतलंय तिनं, भाऊसाहेब."

वरचा टप्पा पुरा झाल्याचं कळलं, तेव्हा पुढच्या फेरीच्या गाडीत मी एक जागा वाढवली.

ती कासोटा घट्ट करून, खण-नारळ कमरेला बांधून चढू लागली. हा खालून सांगतोय, "पाय हितं. न्हाई, हितं!"

"गप ऱ्हावा वो! घरच्या जात्याला येवढी टाकी लावली आसती, तर भाकरी तरी धड खाल्ली आसती तुमी."

पाहुणे हसले. शेवटच्या टप्प्यावर ती अडली. पाय चाचपडत राहिला. हसणं थांबलं. तो खाली दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"घावली," ती म्हणाली, आणि वर गेली.

तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा पाहुणे घेऊन चावंडला गेलो, तर कातळापाशी थांबावं लागलं. गावातल्या बाया एकीमागं एक चढत होत्या. पाठीला लेकरू बांधलेली एकजण मान वळवून ओरडली, "वाईच दम धरा, पावणं! आधी आमी!"