दुसऱ्याच्या बंदुकीचा नेमबाज

डेलमार कुंकेलकडे बंदूक एकच. बापाने दिलेली हरणाची रायफल. वर्षातला एक आठवडा ती कपाटाबाहेर येते, बाकी सगळे आठवडे आत. आणि तरी आमच्या नेमबाजीच्या क्लबात सगळ्यात जास्त तऱ्हेच्या बंदुका चालवलेला माणूस कोण, तर हाच. एकही विकत न घेता!

मी त्याला एकदा स्पष्टच विचारलं, "काय रे, चिकटपणा म्हणायचा का हा?"

"तुझ्याकडे वीस बोअरची बंदूक आहे ना, व्हर्ना?" तो म्हणाला. "लायलकडे बारा बोअरच्या सहा आहेत. शनिवार सोडून त्या काय करतात? भिंतीला टेकून उभ्या राहतात. त्यात माझी सातवी उभी करून कोणाचं भलं होणार?"

बोलायला सोपं आहे. पण लोकांच्या जिवापाड जपलेल्या वस्तू मागून वापरायच्या आणि तरी लोकांना आपण हवेसे वाटायचं, हे सगळ्यांना जमत नाही. डेलमारला जमायचं. काडतुसं स्वतःची आणायचा. बंदूक परत देताना आधी होती त्याहून स्वच्छ करून द्यायचा. तेल, चिंध्या, सळई सगळं त्याच्या कापडी पिशवीत असायचं. त्याच पिशवीत इर्माने, म्हणजे त्याच्या बायकोने, बिटाच्या रसात मुरवलेल्या लालभडक अंड्यांची बरणी. ती सगळ्यांसाठी. चौतीस हिवाळे त्याने आमच्या तालुक्यातल्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलला. पहाटे घराबाहेर पाऊल टाकावं तर रस्ता साफ, इतकी वर्षं आम्ही ते गृहीत धरलेलं. त्या माणसाला बंदूक द्यायला नाही कोण म्हणणार?

आणि लायल! लायल श्रीव्हरचं फर्निचरचं दुकान आहे, पोरंबाळं नाहीत. जरा हात मोकळा झाला की नवी बंदूक घेतो. पण घेतली की शनिवारपर्यंत त्याला चैन पडायची नाही. डेलमारने ती चालवून "हं" म्हटलं की मगच ती त्याची. एकदा त्याने इटलीहून आलेली बंदूक आणली. यंत्राने हवेत फेकलेल्या मातीच्या पंचवीस चकत्यांपैकी लायलने तेरा फोडल्या आणि बंदुकीच्या नावाने बोटं मोडत बसला. डेलमारने तीच घेऊन चोवीस फोडल्या. पुसूनबिसून परत दिली आणि म्हणाला, "बंदूक उत्तम आहे, लायल. दुखणं दस्त्याच्या मागच्या बाजूला आहे."

दस्त्याच्या मागे लायल उभा होता. आम्ही हसून हसून बेजार झालो. लायल सगळ्यात मोठ्याने हसला.

आता माझं सांगते. शाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं काढली, मोठमोठी पातेली उचलून उजवा खांदा निकामी करून घेतला, म्हणून माझी बंदूक हलकी, वीस बोअरची. क्लबात नवीन माणूस आला की बंदूक कशी धरायची, कशी ठेवायची, काय कधीही करायचं नाही, हे शिकवायचं काम चौदा वर्षं माझ्याकडे. त्या कामाची एक नारिंगी टोपी आहे. ती घातली की मी जरा जास्तच ताठ चालते, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे. उभ्या आयुष्यात लोकांनी मला "जरा वाढ गं" एवढंच म्हटलं. त्या टोपीखाली मात्र मोठमोठे बाप्ये माझं निमूट ऐकायचे.

मी शिकवायचे त्यातली पहिली गोष्ट ही. बोअरचा आकडा मोठा तर काडतूस लहान. वीसचं काडतूस चुकून बाराच्या नळीत टाकलं तर ते सरकून पुढे जाऊन अडकतं. मागून घाईत पाहिलं तर नळी रिकामी दिसते. त्यामागे बाराचं काडतूस ठेवून चाप ओढला की नळी हातातच फुटते, आणि मग बोटं मोजायची. म्हणून तर वीसची काडतुसं पिवळी करतात, लांबून ओळखू यावीत म्हणून. बंदुकांची अदलाबदल करणाऱ्यांनी तर दुप्पट जपायचं. दुसऱ्याची बंदूक हातात घेण्याआधी खिसे उलटे करायचे. चौदा वर्षं हेच घोकून घेतलं मी लोकांकडून.

एप्रिलातला शनिवार होता. सकाळी माझी वीस बोअर आधी मी चालवली, मग डेलमारने. त्यानंतर लायलची नवी, मधोमध दुमडून उघडणारी एकनळी बारा बोअर आम्ही दोघं आळीपाळीने घेणार होतो. पहिली पाळी माझी. माझं तोंड चालू होतं, लायलला काहीतरी टोमणा मारत होते, आणि बोलता बोलता खिशातून काडतूस काढून नळीत टाकलं. बंदूक मिटली. तेवढ्यात चकत्या फेकणारं यंत्र अडकलं आणि क्लबाचा अध्यक्ष क्लेटन ओरडला, "बंदुका उघडा! ठेवून द्या!"

मी उघडली. नळी रिकामी दिसली. म्हटलं, टाकलंच नसेल काडतूस. बंदुका ठेवायच्या लाकडी घोडीवर ती ठेवली आणि कॉफी प्यायला गेले.

क्लेटन यंत्राशी अर्धा तास झटापट करत होता. तेवढ्यात डेलमारने ती बंदूक उचलून पाहिली, एकदोनदा खांद्याला लावली, परत ठेवली. यंत्र सुरू झालं, त्याची पाळी आली. काडतूस भरण्याआधी त्याने नळी उजेडाकडे धरून आरपार पाहिलं, नेहमी पाहायचा तसं. आणि तसाच थांबला.

"उजेड दिसत नाही," तो म्हणाला.

पिशवीतली सळई काढून त्याने पुढून हलकेच ढकललं. पिवळं काडतूस टपकन त्याच्या तळहातावर पडलं.

लायलचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. मी जाकिटाच्या खिशात हात घातला. बाराच्या लाल काडतुसांत दोन पिवळी. मी काडतूस टाकलं होतं, आणि ते परत खिशात आलं नव्हतं. हे साऱ्या जगात फक्त मला ठाऊक होतं.

"बंदूक शेवटची कोणी हाताळली?" क्लेटनने विचारलं.

"मी," डेलमार म्हणाला.

"सकाळी वीस बोअर कोणाकडे होती?"

"माझ्याकडे." त्याने स्वतःचा खिसा चाचपला. त्यातूनही एक पिवळं काडतूस निघालं. त्या काडतुसाकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "माझंच असणार."

मला कोणी विचारलंसुद्धा नाही. नारिंगी टोपीला कोण विचारणार? आणि मी मूग गिळून बसले. मनात म्हटलं, हा कळून सवरून मला पाठीशी घालतोय. किती मोठं मन! असं त्याचं कौतुक करत मी घरी गेले. लाज वाटते आता सांगताना.

सोमवारी क्लेटनने दारावर कागद लावला. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता सभा. नवा नियम: ज्याची बंदूक त्यानेच चालवायची, देवाणघेवाण बंद. म्हणजे डेलमारचे शनिवार संपले. लायल त्याच्या घरी गेला, एक बंदूक कायमची घे म्हणून गळ घालायला. डेलमारने दार पुरतं उघडलंही नाही. "नको रे, उगाच तुझी वस्तू," एवढंच म्हणाला. लायल मला हे सांगताना रडवेला झाला होता. मी पाव भाजत होते, तो जळला.

चार दिवस मी स्वतःशी वाद घातला. कोणाला इजा झाली नाही. त्याने स्वतःहून अंगावर घेतलंय. मी बोलले तर त्याचा त्याग फुकट जाईल. अहाहा, काय काय सुचतं माणसाला!

गुरुवारी डेलमार शेवटच्या रांगेत बसला होता. दाढी वाढलेली, पिशवी नव्हती. क्लेटन नियम वाचणार, तोच तो उठला.

"नियम नका करू," तो म्हणाला. "तुमचं चांगलं चाललंय, ते माझ्यापायी कशाला बंद करता? मीच येत नाही यापुढे. म्हणजे मिटलं."

तो कोट चढवायला लागला. एक बाही सापडत नव्हती त्याला. ती बाही शोधताना त्याला पाहिलं आणि मी उठलेच.

"बस खाली, डेलमार," मी म्हटलं. "ते काडतूस माझं होतं."

"व्हर्ना, उगाच काहीतरी..." क्लेटन म्हणाला.

"उगाच नाही! मी बडबड करत होते, न बघता टाकलं, यंत्र अडकलं, उघडून नीट बघितलं नाही. खिशात आणखी दोन पिवळी होती माझ्या. तेव्हाच कळलं होतं मला. पाच दिवस गप्प बसले, ही टोपी जाईल म्हणून." मी टोपी काढून टेबलावर ठेवली. "घ्या. आणि नियमच करायचा असेल तर असा करा, की भरण्याआधी प्रत्येकाने डेलमारसारखं नळीतून आरपार बघायचं. त्याने बघितलं म्हणून आज लायलची बंदूक शाबूत आहे आणि डेलमारचे हातसुद्धा."

मग बरीच बोलाचाली झाली. क्लेटन मला फाडफाड बोलला, आणि बोलायलाच हवं होतं. शेवटी देवाणघेवाण राहिली, आरपार बघायचा नियम झाला. माझं शिकवणं गेलं, निदान वर्षभरासाठी. लायलने मत देताना दोन्ही हात वर केले, तेव्हा क्लेटनने त्याला एकच मत मोजलं जाईल अशी तंबी दिली.

मी बाहेर आले तर डेलमार पायरीवर बसलेला. अजून लख्ख उजेड होता. मी शेजारी बसले.

"तू मला पाठीशी घातलंस," मी म्हटलं, "आणि मी ते घेतलं. मला माफ कर, बाबा."

"पाठीशी? कोणाला?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "व्हर्ना, मला ठाऊकच नव्हतं तुझं आहे ते. मला वाटलं, मीच टाकलं. खिशात पिवळं निघालं, बंदूक हातात घेतलेली... आणि काही आठवेचना. आठवणार कसं, मी केलंच नव्हतं तर!" तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "माझ्या बापाचं असंच सुरू झालं होतं. आधी छोट्या छोट्या गोष्टी विसरायचा. शेवटी तो मला ओळखत नव्हता. मला वाटलं, आली माझी पाळी. शनिवारपासून इर्मा मला विस्तवापाशी एकटं सोडत नाही. गाडीची किल्ली मी स्वतःच तिच्याकडे दिली. आज इथे तिनेच आणून सोडलं मला. सोमवारी डॉक्टरकडे जायचंय."

मी त्याचं मन मोठं, मन मोठं म्हणत घरी पाव भाजत होते, आणि तिकडे ही दोघं म्हातारी माणसं पाच दिवस एकमेकांकडे बघत बसली होती. एका वाक्याचं काम होतं.

त्याने खिशातून फोन काढला. नंबर पाठ होता.

"इर्मा," तो म्हणाला, "अगं, मी नव्हतो. व्हर्ना होती. हो, हो, तिने स्वतः सांगितलं, सगळ्यांसमोर. माझं डोकं ठीक आहे गं!"

मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. "तुला मागतेय."

आता बोलणी बसणार, असं म्हणत मी फोन कानाला लावला. शिव्या खायची माझी पूर्ण तयारी होती. इर्मा हुंदके देत होती.

"देव तुझं भलं करो, व्हर्ना," ती म्हणाली. "तू आम्हाला सांगितलंस. किती उपकार झाले गं तुझे."