टोपणनावाने रंगवलेल्या पेट्या

परभणीच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होते, तेव्हा एस.टी. स्टँडच्या मागे व्हिडिओ गेमचं पहिलं दुकान निघालं. दुकानदार आमच्या शेजारचाच, मला अक्का म्हणायचा. त्यानं मुंबईहून चार जुनी मशिनं आणली होती, पण पेट्या नुसत्या प्लायवूडच्या.

"अक्का, यावर गेममधलंच काहीतरी काढून द्या," तो म्हणाला. "पोरं लांबूनच वळखतील."

एका रविवारी सकाळी मी स्टुलावर बसले आणि तो खेळू लागला. मला मारामारीत रस नव्हता. मी मागचं चित्र बघत होते. लढणाऱ्या दोघांच्या मागे बाजार होता, त्यात मासे विकणारी म्हातारी, तिच्या मांडीवर मांजर. मांजराची शेपटी हळूच हलत होती. कुणाचं लक्षही जाणार नाही अशा जागी कुणीतरी एवढे कष्ट घेतले होते.

"थांब रे, तिला नीट बघू दे," मी म्हणाले. तो थांबला आणि हरला.

दुसऱ्या खेपेला तो शेवटपर्यंत पोचला. पडद्यावर गेम तयार करणाऱ्यांची नावं सरकू लागली. चित्रं काढणाऱ्याच्या जागी इंग्रजीत 'रॅडिश' लिहिलेलं, म्हणजे चक्क 'मुळा'.

"हे कसलं नाव?"

"खोटं हाय, अक्का. जपानात कंपनी खरं नाव लिहू देत न्हाई म्हणं. मशिनवाला सांगायलाला."

मला त्या माणसाची अडचण लगेच कळली. आमचे हेडमास्तर प्रार्थनेनंतर रोज त्या दुकानाच्या नावानं ओरडत होते. मी चारी पेट्या रंगवल्या आणि खाली सही केली, 'दोडका'. नवरा पोट धरून हसला. पुढं जिंतूरच्या आणि पालमच्या दुकानदारांनीही दोडक्याकडून पेट्या रंगवून घेतल्या.

वर्षभरानं नवीन गेम आला. पावसात भिजलेली कौलं बघताच मी मुळ्याचा हात ओळखला. शेवटी नावांत मुळा होता, आणि या वेळी यादीत बराच वर. घरातल्या कुणाला बढती मिळावी तसा मला आनंद झाला. त्याच्या पुढच्या गेममध्ये मात्र तो नव्हता. चित्रं चकचकीत होती, पण मागची माणसं पुतळ्यासारखी उभी. नोकरी सोडली असेल? आजारी असेल? बाई असेल तर लग्न होऊन गेली असेल?

राहवेना. मशिनच्या मागच्या पट्टीवर कंपनीचा पत्ता होता. आमच्या इंग्रजीच्या सरांकडून मी मुळ्याला पत्र लिहून घेतलं: तुमची म्हातारी आणि मांजर मी परभणीत बघितली, मीही टोपणनावानंच काढते. उत्तर आलं नाही.

पण सरांच्या पोटात गोष्ट राहिली नाही. आठवड्याभरात हेडमास्तरांनी बोलावलं.

"बाई, तो दोडका म्हणजे तुम्ही?"

"हो, सर."

ते म्हणाले, "काल मी तिथं पोरं धरायला गेलो होतो. चित्रं बघत उभा राहिलो, पोरं पळून गेली." मग घसा खाकरून म्हणाले, "आपल्या व्हरांड्याची भिंत रिकामी आहे. काढाल का?"

"काढते, सर."

"आणि खाली तुमचं नाव लिहा. पूर्ण. तुम्ही इथं शिकवता, हे लोकांना कळू द्या."

भिंतीला दोन महिने लागले. नाव लिहायला एक सबंध दुपार गेली. चित्रांवर खरं नाव लिहायची सवयच राहिली नव्हती, अक्षरं सारखी तिरकी जात होती.