इथं परदेशी कुणी नाही

माझी सून व्हिएतनामची आहे असं सांगितलं की लोक आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि मग हळूच विचारतात, "जेवते काय मग ती?" बाजरीची भाकरी जेवते आणि शेंगदाण्याची चटणी दोनदा मागून घेते, असं मी सांगते. तरी कुणाचं समाधान होत नाही. माणसाला जेवणापलीकडं काही अडचण असू शकते, हे आपल्याकडं सुचतच नाही. आमची अडचण पोलीस कचेरीत होती.

मुलगा इथं नगरच्याच नागापूर एमआयडीसीत कामाला आहे. कंपनीनं त्याला मशिनं बसवायला तिकडं धाडलं होतं. मशिनं बसवली आणि येताना लग्न ठरवून आला. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी मोबाईलवर ती मुलगी दिसली, तिनं हात जोडून "आई" म्हटलं, आणि माझा सगळा अबोला तिथंच आटोपला.

लग्न आमच्याच गल्लीत मांडव घालून झालं. तिच्याकडून एक भाऊ तेवढा आला होता. आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. हल्ली पुष्कळ मुली नको म्हणतात, आणि म्हणावंच त्यांनी. हिला विचारलं, तर ती हसून मुलाला काहीतरी बोलली. त्यानं सांगितलं, "ती म्हणतेय, तांदळात लिहिलेलं नाव वाईट कसं असेल?" झालं. त्या दिवसापासून गल्लीला ती तांदळातल्या नावानंच माहीत. तिचं मूळ नाव पासपोर्टात राहिलं. मुलगा तिला तिसऱ्याच नावानं हाक मारतो, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

परदेशी सुनेला इथं राहायची परवानगी मिळते ती ठरावीक मुदतीची. मुदत सरत आली की पुन्हा ऑनलाइन अर्ज, फोटो, लग्नाचा दाखला, घराचा पुरावा, मग कचेरीत बोलावणं, आणि शेवटी पोलीस घरी येऊन बघणार की बाई खरंच तिथं राहते का. परवानगी वाढली नाही तर देश सोडायचा. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी ताडकन म्हणाले, "सून माझी, घर माझं, आणि परवानगी ह्यांची?" मुलगा म्हणाला, "आई, हे कचेरीत बोलू नकोस." मी कचेरीत अवाक्षर बोलले नाही. बाहेर रिक्षावाल्याला सगळं ऐकवलं.

मुलाच्या शिफ्टमुळे कचेरीत तिच्याबरोबर मीच जायची. तिथल्या बाकावर एक गोरे आजोबा भेटायचे. पांढरी दाढी, अंगात खादीचा सदरा, नगरजवळच्या एका खेड्यात अर्धं आयुष्य काढलेलं. त्यांनी पहिल्याच दिवशी मला "चहा झाला का?" विचारलं, त्यामुळे मला ते नगरचेच वाटायला लागले. सून घाबरून माझा पदर धरून बसली होती. मी आजोबांना म्हणाले, "तुम्हाला काय, सवय झाली असेल." ते म्हणाले, "नाही हो. दर वेळी भीती वाटते. आपल्याच घरात राहू का, असं विचारायला यायचं म्हणजे." मी पिशवीतली खारी त्यांच्यापुढं केली. दुसरं काय करणार होते?

टेबलामागच्या बाई चांगल्या होत्या. लाइटबिलावर गावाचं जुनं नाव आणि दुसऱ्या कागदावर नवं, म्हणून मी आधीच हातघाईवर आले होते. त्या हसल्या. "दोन्ही चालतात, काकू. गाव एकच आहे." अर्ज घेतला आणि चौकशीला माणूस येईल म्हणाल्या. कधी येईल ते काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तेवढ्यात डोंगराकडच्या अकोले तालुक्यातून माझ्या भावाचा फोन आला. भात काढायला आलंय, सुनेला घेऊन या. तिला तिकडं फार आवडतं. खाचराच्या बांधावर बसली की तिला गावाकडं गेल्यासारखं वाटत असावं, ती तसं म्हणत नाही. आम्ही घराला कुलूप लावून गेलो. परत आलो तर अर्ज परत आलेला. मुलानं मोबाईलवर वाचून दाखवलं. सदर परदेशी महिला सदर पत्त्यावर राहत नसल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले.

मुदत संपायला आठवडाभर उरला होता. मी तशीच बाहेर गेले. शेजारी खाला राहते, सगळ्या गल्लीची मावशी. तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि आमच्या दोन्ही घरांत भिंत एकच. माझ्या घरातलं भांडण तिला माझ्याआधी कळतं.

"खाला, पोलीस आल्ता का?"

"आल्ता की. मोबाईलमधी बघून कसलंसं नाव वाचलं. म्हनला, ही परदेशी बाई कुठं राहती? म्या म्हनलं, इथं परदेशी कुनी न्हाई. समदी आपलीच मानसं हायेत."

"अगं बये, आपली सून!"

"ती परदेशी हाय व्हय?" खाला खरोखर दचकली. मग तिचा हात हळूहळू तोंडावर गेला. "हाय की. म्हंजे हुती. आता कुठं ऱ्हायली?"

समोरच्या घरात विचारलं, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत विचारलं. सगळीकडं एकच. असलं नाव आम्ही ऐकलं नाही, आणि परदेशी बाई तर या गल्लीत पाहिलीच नाही. वर त्या पोलिसाला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून, दुसरीकडं बघा म्हणून सांगितलेलं. कचऱ्याच्या गाडीसाठी कधी न दिसलेली एकजूट इथं दिसली होती. हसावं की रडावं कळेना. रागावू तरी कुणावर? ती आपली, म्हणूनच तर त्यांनी परदेशी कुणी नाही म्हटलं होतं.

घरात आले तर सून माळ्यावरची बॅग खाली काढून फडक्यानं पुसत होती. तिची मराठी गल्लीत शिकलेली आहे, माझ्यापेक्षा खालाची जास्त. म्हणाली, "आई, जायाला लागलं तर तयारी पायजे."

मी बॅग तिच्या हातातून ओढली आणि परत माळ्यावर भिरकावली. नीट बसली नाही, अर्धी बाहेर लोंबत राहिली. "पुन्हा हात लावशील तिला तर बघ," एवढंच तोंडातून निघालं. मला खरं तर म्हणायचं होतं की तू गेलीस तर मी या घरात कुणाशी बोलू?

दुसऱ्या दिवशी कचेरीत बाईंनी सगळं ऐकून घेतलं. गल्लीनं परदेशी कुणी नाही म्हणून सांगितलं, इथं त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीकडं तोंड करून बराच वेळ हसल्या. "मी आज पुन्हा चौकशी लावते. पण काकू, शेजाऱ्यांना हिचं खरं नाव तरी माहीत असू द्या."

नाव तांदळातलं खोटं आणि पासपोर्टातलं खरं, असं कसं म्हणायचं? पण वाद घालायची ही वेळ नव्हती. त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर शाळा भरली. खाला, समोरची, गिरणीवाली, सगळ्या येऊन बसल्या. सून मध्ये. तिचं नाव लहानसंच आहे, पण शेवटी आवाज वर न्यावा लागतो. आमच्या सगळ्यांचा तो खालीच यायचा, धप्पकन.

"तसं न्हाई," ती लाजत लाजत सांगायची. "वर चढवायचं. 'आलीस का?' म्हनता ना, तसं."

"मंग असं सांग की!" खालानं पदर खोचला आणि म्हटलं. पहिल्या झटक्यात. सून टाळ्या वाजवायला लागली. गिरणीवालीला जमेना तर ती चिडून म्हणाली, "मी आपली सूनबाई म्हनीन, काय करायचं ते कर म्हनावं पोलिसाला." तिलाही जमेपर्यंत कुणी उठलं नाही. पुढचे दोन दिवस गल्लीत भाजी निवडताना, नळावर, कपडे वाळत घालताना ते नाव ऐकू यायचं. मीही ते मोठ्यानं पहिल्यांदाच घेत होते.

पोलीस आला तो सकाळीच. त्यानं मोटारसायकल स्टँडला लावली, हेल्मेट काढलं, आणि विचारायला तोंड उघडायच्या आधी खालानं गच्चीवरून हाक घातली. मग समोरून. मग गिरणीतून. सून स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आली आणि दारात थबकली. सगळ्या बाजूंनी तिला हाका येत होत्या आणि ती कुणाकडं बघावं ते न कळून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, पोलिसाला घाबरली.

"पुरं, पुरं, पटलं," पोलीस म्हणाला. "मागल्या खेपेला तर कुनीच न्हाई म्हनत हुता."

"तवा तुमी परदेशी बाई इचारली," खाला वरूनच म्हणाली. "आमची सून इचारली असती तर हाताला धरून दावली असती."

त्यानं दारातच उभं राहून फोटो काढला, चहा घेतला, जाताना तिला "येतो ताई" म्हणाला. मुदत संपायच्या आदल्या दिवशी परवानगी आली. मुलानं पेढे आणले. मी त्यातला एक कचेरीतल्या गोऱ्या आजोबांसाठी बाजूला काढला, आणि ते आता वर्षभर भेटायचे नाहीत हे आठवल्यावर स्वतःच खाल्ला.

संध्याकाळी आम्ही दोघीच होतो. मी तिला सरळच विचारलं, "सांग, आता तुला कोणत्या नावानं हाक मारू? तुझं तुला हवं असलं तर तेच घेऊ. सगळ्यांना येतंय आता."

तिनं सोललेला लसूण वाटीत टाकला. "हे पन माझंच हाय, आई. ऱ्हाऊ द्या." मग खाली बघतच म्हणाली, "पर रागवाल तवा ते घ्या."

"रागावताना? ते का गं?"

"माझी आई रागवायची तवाच ते मोठ्यानं घ्यायची. पार नदीपतुर ऐकू यायचं. ती गेली, तवापास्नं त्या नावानं कुनी वरडलंच न्हाई माझ्यावर."

मी उठून देवघरात गेले आणि उगाच समई पुसत बसले. माझ्या रागाला आयुष्यभर सगळे कंटाळलेले. तो कुणी मागून घेईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि गंमत बघा, त्यानंतर कित्येक दिवस मला राग येईचना. तिचं काही चुकतंय का म्हणून मी घरभर बघत हिंडले. भाकरी गोल, भांडी लख्ख, अंगण झाडलेलं.

मग एके दिवशी नळाला पाणी आलं आणि ती मोटार चालू करून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. नगरात दिवसाआड येणारं पाणी, आणि आमची टाकी भरून भिंतीवरून रस्त्यावर वाहायला लागली. मी होते तिथून ओरडले. तिचं नाव, शेवट वर चढवून, बेंबीच्या देठापासून. गल्लीतली कुत्री उठली.

वरून ओ आली. मोटारीचं बटण गच्चीच्या जिन्यात, तिच्या हाताशीच होतं, पण पाणी वाहतच राहिलं. मी पुन्हा हाक मारली, पार नदीपर्यंत जावी अशी.