पंचावन्न पौंडांची मोटार

सावळेरामबाबांची मोटार मी बुडवली. मढजवळच्या धरणात, सकाळी साडेदहा वाजता, अख्ख्या मच्छीमार सोसायटीच्या देखत. गावात याच्या निरनिराळ्या कथा चालतात. कोणी म्हणतं मोटारच डुप्लिकेट होती, कोणी म्हणतं त्या पाण्यात काहीतरी आहे. दोन्ही खोटं. मोटार अस्सल होती, आणि पाण्यात जे काही होतं ते मीच टाकलेलं.

माझं पेठला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळक्या मोटारी मी पुन्हा चालत्या करतो आणि सुट्टीच्या दिवशी धरणातले चिलापी मासे खायला मढला जातो. बाबांची ओळख त्यातून झाली. साठी उलटलेला, तारेसारखा मच्छीमार. बोलणं मोजकं आणि टोचणारं. पुण्याच्या एका पाहुण्यानं एकदा विचारलं, "मासा ताजा आहे ना?" बाबा त्याला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "तुमच्यापरीस हाय." पाहुण्यानं दोन किलो घेतला.

तीन वर्षांपूर्वी बाबा हिरडा झोडायला झाडावर चढले आणि फांदीसकट खाली आले. उजवा खांदा निखळला. गावच्या जाणकारानं तो बसवला. बसला खरा, पण भलत्याच जागी. तेव्हापासून उजवा हात जेवणाच्या ताटापर्यंत येतो, वल्ह्यापर्यंत जात नाही. एका हातानं वल्हवायला गेलं की होडी जागच्या जागी गोल फिरते. काठावरची मंडळी हात जोडून विचारायची, "बाबा, कंच्या देवाला प्रदक्षिणा?" मग चिमाबाई, बाबांची बायको, वल्हं मारायला लागल्या. त्यावर तर मंडळींना आणखी सुचायचं.

सोसायटीचा चेअरमन दादाभाऊ मात्र थट्टा करत नसे. तो नियम सांगे. दिवाळीनंतर मासेमारीचे पास नवे करायचे होते आणि पास मिळणार होता स्वतः एकट्यानं होडी चालवणाऱ्यालाच. "बाबा, पल्याडच्या खडकाला एकट्यानं जाऊन या. आला तर पास तुमचा. न्हाईतर माजा जावई बसलाय रांगेत."

"मोटारीनं गेलेलं चालंल का?" मी मध्येच विचारलं.

"इमानात बसून जा म्हणा," दादाभाऊ म्हणाला. "एकट्यानं गेल्याशी मतलब."

होडीला मागून लावायची छोटी विजेची मोटार मी मोबाईलवर पाहिली होती. परदेशात लोक हौसेनं मासे धरतात, त्यांच्यासाठीची. उभा दांडा, खाली पंखा, वर मूठ, मुठीवर पाच स्पीड, आणि चालते इन्व्हर्टरच्या बॅटरीवर. बाबांनी ओतूरच्या बाजारात दोन्ही शेळ्या विकल्या आणि आम्ही पुण्याला गेलो.

दुकानदार समजूतदार होता. होडीची लांबी विचारली, मागच्या फळीची जाडी विचारली आणि म्हणाला, "चाळीस पौंड रेट्याची घ्या. तुमच्या होडीला भरपूर आहे."

आता आमच्याकडे विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार पुरत असेल तिथं शेतकरी साडेसातची बसवतो. शेजाऱ्याची साडेसातची असेल तर दहाची. माझं पोट या सवयीवरच चालतं, कारण जळतात त्या याच मोटारी. तरीही मी म्हणालो, "पंचावन्नची द्या."

"भाऊ," बाबा मला म्हणाले, "मला पाण्यात फिरायचंय. पळायचं न्हाई."

"राहू द्या हो बाबा. एक नंबर वरची असलेली बरी."

बाबांनी पैसे मोजले. मोटारीतलं मला कळतं, असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

पासाच्या दिवशी सकाळी मी मोटार बसवली. होडीची मागची फळी जुनी, तिला आतून जांभळाच्या लाकडाचा एक तुकडा ठोकला. क्लॅम्पचे दोन्ही स्क्रू हातानं गच्च पिळले. लाल तार लालला, काळी काळीला. बाबांनी एक नायलॉनची दोरी आणली आणि डावा हात आणि दात लावून तिचं एक टोक मोटारीच्या दांड्याला, दुसरं होडीच्या कडीला बांधलं.

"ही कशाला?"

"पडली तर."

मग चिमाबाईंनी मोटारीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, झेंडूची माळ घातली. नव्या यंत्राची पूजा झाली की फोटो हा हवाच. फोटोत ती मळकी दोरी नेमकी माळेवर येत होती. मी ती सोडली. एक फोटो काढून पुन्हा बांधू म्हटलं. फोटो अप्रतिम आला. तो पाठवायच्या नादात दोरी राहून गेली.

बाबा निघाले. एकच्या स्पीडवर, आवाज न करता, ताठ बसून, डाव्या हातात मूठ. काठावरची सगळी सोसायटी उठून उभी राहिली. दादाभाऊच्या जावयानं दाढी खाजवली. चिमाबाईंनी पदर तोंडाशी धरला. होडी निम्म्यावर पोचली. अशीच आणखी दहा मिनिटं गेली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण मोटार मी निवडलेली. एकच्या स्पीडवर तिचा रुबाब दिसेना. मी ओरडलो, "बाबा, पाचवर टाका!"

बाबांनी मान हलवली, नको.

"टाका हो! दाखवा की यांना!"

त्यांनी मूठ पिळली. होडीनं नाक वर केलं, फळी कडाडली, आणि जांभळाचा तुकडा, क्लॅम्प, मोटार, माळ सगळं एका उडीत पाण्यात गेलं. बॅटरीवर दोन तारांची टोकं तेवढी उरली. काही बुडबुडे आले, एक झेंडू वर आला.

बाबांनी थोडा वेळ त्या फुलाकडे पाहिलं. मग तळातलं वल्हं उचललं आणि डाव्या हातानं मारायला लागले. होडी गोल फिरली. बाबांनी जोर केला, ती आणखी जोरात फिरली. एकेका फेरीत त्यांचं तोंड आमच्याकडे यायचं, मग पाठ, मग पुन्हा तोंड. काठावर कोणीतरी टाळ्यांवर आरती धरली. सगळे हसले. मीही हसलो. दृश्य हसण्यासारखंच होतं, आणि तेवढ्यात बाबांचं तोंड माझ्या बाजूला आलं.

शेवटी दादाभाऊनं आपल्या होडीनं त्यांना दावं लावल्यासारखं ओढत आणलं. पास तिथंच जावयाला दिला. चिमाबाईंनी ठरल्याप्रमाणे सगळ्यांना चहा दिला, दादाभाऊलाही दिला. माझ्यापुढून किटली तशीच पुढं गेली.

मेमध्ये पाणी आटलं तेव्हा मोटार गाळात दिसली. मी ती पेठला आणली, उघडली, धुतली, बेअरिंग बदलले, पुन्हा वायंडिंग भरलं. सुरू झाली. माझ्या हाताला यश आहे, हे नम्रपणे सांगतो. पंख्यात अडकलेला माळेचा दोरा मात्र ब्लेडनं कापून काढावा लागला.

मोटार घेऊन मी मढला गेलो. बाबा काठावर करंजाच्या सावलीत बसले होते. फाटकं जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून डाव्या हातानं शिवत होते. जाळं दादाभाऊच्या जावयाचं. होडीही आता त्याचीच. समोर पाण्यावर तो वल्हं मारत होता, आणि त्याला ते फारसं जमत नव्हतं.

मी मोटार त्यांच्यापुढं ठेवली. "बाबा, चालू केली बघा. पहिल्यासारखी."

त्यांनी मोटारीकडे पाहिलं नाही. दाभण जाळ्यातून काढून गाठ मारली, दातानं दोरा तोडला.

"सात महिने झाले," मी म्हणालो. "अजून राग आहे का माझ्यावर?"

"हाय, आन् तुमी आलात की वाढतो."