लुविनिया डॉकरी व इतर

ओझेला टॉलिव्हरचं चांगलं झालेलं लुविनिया डॉकरीला कधी सोसलं नाही, आणि ओझेलाचं सतत काही ना काही चांगलं होतच असे. चर्चच्या वाढदिवसाला बायका केक करून नेत, तेव्हा ओझेलाचा कॅरॅमल केक पहिल्या फेरीतच संपे. लुविनियाचा लिंबाचा केक पोट भरलेल्या माणसांच्या वाट्याला येई आणि ती माणसं तो शिष्टाचार म्हणून खात. गाण्यातलं एकटीने म्हणायचं कडवं ओझेलाला. शाळेत मास्तरीण असताना तिने दोन पिढ्यांचे कान पिळलेले, त्याचा गावात अजून दरारा. तिचा नवरा युद्धात गेला आणि त्याच्या शवपेटीवर झेंडा घातला गेला, तेव्हा लुविनियाला त्या झेंड्याचासुद्धा हेवा वाटला होता. त्याबद्दल तिने आठवडाभर गुडघे टेकून देवाची माफी मागितली, पण हेवा काही गेला नाही.

लुविनियाचा स्वतःचा नवरा होझिया धडधाकट होता आणि मर्तिकाची गाडी चालवायचा. ती घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस करून द्यायची. दोघांचंही गिऱ्हाईक काळ्या वस्तीतलंच. त्यामुळे बेथानी ग्रोव्हमधला कुणी गोरा साहेब त्यांना कामावरून काढू शकत नव्हता, आणि त्या काळात जॉर्जियात ही फार मोठी श्रीमंती होती.

एकोणीसशे त्रेसष्ट साली अटलांटाहून गेदर वकील आले ते गावच्या वाचनालयावर दावा लावायला. काळ्या माणसाला तिथे पुढच्या दाराने प्रवेश नव्हता. मागच्या खिडकीपाशी उभं राहायचं आणि आतली बाई देईल ते फाटकं पुस्तक घेऊन निघायचं. लुविनियाने अशा कितीतरी रहस्यकथा वाचल्या होत्या आणि त्यांतल्या एकीतही खून कुणी केला ते तिला ठाऊक नव्हतं.

"राज्याने कुणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारायचं नाही," गेदर वकील चर्चमध्ये उभे राहून म्हणाले, "हे घटनेत आपल्या पणजोबांच्या काळापासून लिहिलेलं आहे. आपल्याला फक्त ते कोर्टाकडून मोठ्याने वाचून घ्यायचंय. दाव्यात कुणाकुणाची नावं घालू?"

लुविनियाचा हात मागच्या बाकांवरून 'आमेन' निघायच्या आधीच वर होता. मग आणखी बाराएक जण उठले. ओझेला सगळ्यांत शेवटी उठली, पण अशी सावकाश आणि भारदस्त की चर्चने टाळ्या वाजवल्या त्या तिलाच.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी कागद वाचून दाखवले. 'टॉलिव्हर व इतर विरुद्ध बेथानी ग्रोव्ह वाचनालय मंडळ.'

"इतर?" लुविनिया म्हणाली. "हे इतर कोण?"

"तुम्ही सगळे, मिसेस डॉकरी. दाव्याला पहिल्या माणसाचं नाव पडतं. तुमचं नाव आत आहेच, दुसऱ्या क्रमांकावर."

"हात पहिला माझा वर झाला होता!"

"झाला होता. पण पुढचं नाव असं लागतं की विरुद्ध बाजूच्या वकिलाने कितीही डिवचलं तरी त्या बाईने चिडता कामा नये."

"मग? मी कधी चिडले?" लुविनिया एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेर गाडी पुसत असलेला होझिया आत डोकावला.

"म्हणजे वकीलसाहेब, घटनेत सगळे समान," ती आवाज खाली आणत म्हणाली, "आणि समानतेच्या दाव्यात एक जण टॉलिव्हर आणि बाकी सगळे इतर? हे कुठल्या घटनादुरुस्तीत बसतं?"

गेदर वकील मोठमोठ्या न्यायाधीशांना उत्तरं देत. या प्रश्नावर त्यांनी चष्मा पुसला.

त्या दिवसापासून लुविनियाला घरात बसवेना. अंडी आणायला जावं तर दुकानदार विचारी, "टॉलिव्हरचा दावा कुठवर आला?" पास्टर प्रार्थनेत देवाला 'टॉलिव्हर दाव्या'ची आठवण करून देत, जणू देव इतरांना ओळखतच नव्हता. होझिया म्हणाला, "अगं, निकाल लागला की पुस्तक तर तुलाही मिळणार ना?"

"पुस्तक मिळेल. पण शंभर वर्षांनी पोरं कायद्याच्या शाळेत काय पाठ करतील? टॉलिव्हर! ती गेली त्या खिडकीशी? कधी? तिच्या घरी स्वतःचं कपाट भरून पुस्तकं आहेत!"

"शंभर वर्षांनी माझ्या गाडीतनं सगळे गेलेले असतील," होझिया म्हणाला. त्या दिवशी त्याला सकाळचंच थंड जेवण मिळालं.

मग टेलिफोन सुरू झाले. रात्री-अपरात्री घंटी वाजे आणि पलीकडून कुणीतरी घाणेरडं बोलून ठेवून देई. सरकी-गिरणीतल्या दोघांची नोकरी गेली, एकाच्या घरमालकाने सामान रस्त्यावर काढलं. इतरांमधले एकेक जण मान खाली घालून वकिलांकडे जाऊन नाव काढून आले. त्यांना कुणी दोष दिला नाही. लुविनियाच्या अंगणात कुणीतरी जळता बोळा टाकला तेव्हा ती झाडू घेऊन रस्त्यापर्यंत धावली. परत येताना डोक्यात विचार होता तो हाच की ओझेलाच्या अंगणात दोन टाकले असणार.

गुरुवारी गोऱ्यांच्या घरी कामाला असलेल्या बायकांना सुट्टी, म्हणून लुविनियाच्या पुढच्या खोलीत गर्दी असे. ती ओसरल्यावर ओझेला आली. हेवा आपल्या जागी आणि केस आपल्या जागी. गावात कुरळे केस सरळ करायचा गरम कंगवा लुविनियाइतक्या सफाईने कुणी चालवत नसे, हे ओझेलालाही मान्य होतं. चुलीवर तापलेला कंगवा तिच्या कानाशी आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "लुविनिया, जावयाला कामावरून काढलं. लेक रडतेय. मी उद्या नाव काढून घेतेय."

कंगवा हवेतच थांबला. गेदर वकिलांनीच सांगितलं होतं: पहिली मागे सरली तर दुसरी पुढे. लुविनियाच्या छातीत असं काही झालं की तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते बरंच वाटत राहिलं.

"कुणी तुला नावं ठेवणार नाही गं," ती म्हणाली. एवढ्या गोड आवाजात ती आयुष्यात बोलली नव्हती. "तुझं वय, तुझे गुडघे. तू आराम कर. पुढचं मी बघते ना."

ओझेलाने आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"तू बघतेस?"

"मग! आहे कोण दुसरं?"

"डॉकरी व इतर," ओझेला स्वतःशीच म्हणाली, जसं कुणी नासक्या दुधाची चव घेऊन बघावं. मग ती खुर्चीत ताठ बसली. "केस नीट कर. कोर्टात बरे दिसले पाहिजेत. जावयाला मी माझ्या घरी आणून ठेवीन, परसातल्या भेंडीची राखण करील."

"आणि लेक? लेक रडतेय ना!"

"मी लहानपणी तिला पुष्कळ रडू दिलंय. कंगवा फिरव, थंड होतोय."

लुविनियाने कंगवा फिरवला. कान भाजला नाही, हे तिच्या हाताच्या सवयीचं श्रेय.

दावा उभा राहिला तेव्हा इतरांमधली एकटी लुविनिया उरली होती. ओझेला मागे सरत नाही तोवर तिला सरता येईना, आणि लुविनिया टिकून आहे तोवर ओझेलालाही घरी बसवेना. गेदर वकील त्यांना 'माझ्या दोन निडर भगिनी' म्हणत. त्यांना बिचाऱ्यांना भगिनींची माहिती कमी.

कोर्टात मंडळाच्या वकिलाने ओझेलाला तासभर 'मिसेस' न लावता नुसत्या नावाने हाक मारून डिवचलं आणि ती शाळेतल्या ढ मुलाकडे पाहावं तशी त्याच्याकडे पाहत राहिली. मग लुविनियाची पाळी आली.

"लुविनिया, खरं सांग, तुला या दाव्यात कुणी ओढलं? अटलांटाच्या या माणसानेच ना?"

"कुणी ओढायला मी काय खेचर आहे? हात पहिला माझा वर होता! आणि मिसेस डॉकरी म्हणा." गेदर वकिलांनी डोळे मिटून घेतले. "आणि विचारताय तर सांगते, त्या खिडकीतून तुम्ही देता त्या पुस्तकांना शेवटची पानं नसतात. मी कर भरते तो अख्खा भरते. मला खुनी पण अख्खा पाहिजे."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशांनी हातोडा आपटला, पण काहीतरी लिहूनही घेतलं. निकाल काळ्यांच्या बाजूने लागला आणि त्यात फाटक्या पानांचा एक अख्खा परिच्छेद होता. "ते पानांचं तुझ्यामुळे आलं हो," ओझेला म्हणाली. तिचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालेलं पाहून लुविनियाला आठवडाभर शांत झोप लागली.

वाचनालय उघडायचा दिवस आला. दोघी ठेवणीतल्या टोप्या घालून पुढच्या दाराने आत गेल्या, आणि दार रुंद असूनही एकमेकींना कोपर लागलं. आत पुस्तकं होती, कपाटं होती, टेबलं होती. खुर्ची मात्र एकही नव्हती. काळ्या-गोऱ्यांनी शेजारी शेजारी बसायला नको म्हणून मंडळाने आदल्या दिवशी सगळ्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या. कोर्टाने आत घ्या म्हटलं होतं. बसू द्या असं कुठे म्हटलं होतं?

"उभ्याने वाचू," लुविनिया म्हणाली.

"मग काय!" ओझेला म्हणाली.

दोघींनी पुस्तकं घेतली आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या. काउंटरवरची बाई घड्याळाकडे बघत होती. या आता जातील, मग जातील. तासाभराने ओझेलाला उभं राहवेना. तिने एकदा या पायावर भार दिला, एकदा त्या. लुविनियाने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. आणखी थोडा वेळ गप्प राहिलं की काम झालं. 'ओझेला निघून गेली, लुविनिया बंद होईपर्यंत उभी होती,' असं रविवारी चर्चभर झालं असतं.

"लुविनिया," ओझेला पुटपुटली, "मी आता निघते गं."

लुविनियाने काउंटरवरच्या बाईकडे पाहिलं. बाईच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं.

"निघते कुठे? टेक माझ्या पाठीला," ती दात चावत म्हणाली. "पण सगळा भार टाकू नकोस, कॅरॅमल केकवर पोसलेला देह आहे तुझा."

ओझेलाने पाठीला पाठ लावली. काउंटरवरच्या बाईचं हसू मावळलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकीचं तोंड कपाटाकडे, एकीचं रस्त्याकडे.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "कुठवर आलीस?"

लुविनिया आल्यापासून दुसऱ्या पानावरच होती. "तू?"

"निम्मं होत आलं."

"माझं निम्मं कधीच झालं," लुविनिया म्हणाली, आणि आवाज न करता जाडजूड गठ्ठाभर पानं एकदम उलटली.