मंगळवार पेठेतलं हातमशीन

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. लग्न ठरवताना माझ्या आईनं ते सासरच्यांपासून लपवलं होतं, पण आठवडाभरातच सगळं उघडं पडलं. आता वय झालं, गुडघे कुरकुरतात, तरी नाकावरचा राग काही खाली उतरलेला नाही. त्या रागानं माझं नुकसान बरंच केलं. पण एकदा त्यानंच माझी लाज राखली, आणि ती गोष्ट मी आजही ताठ मानेनं सांगते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. कोल्हापुरात आमच्या वस्तीत एक खोली आणि पुढं पडवी, एवढंच आमचं घर. नवरा उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होता, ओतकामाचे साचे करायचा. सासूबाई आणि आम्ही दोघं. मी लग्नाआधी शिवणाचा कोर्स पुरा केला होता. त्याचं सर्टिफिकेट बुद्धाच्या तसबिरीखाली भिंतीला लावलेलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाई ते कौतुकानं दाखवायच्या. पण शिवायचं कशावर? कोर्समधली मशीनं कोर्समध्येच राहिली. पायमशीन आणलं असतं तर आम्हाला झोपायला रस्त्यावर जावं लागलं असतं. मला हवं होतं छोटं हातमशीन, पेटीतलं. काम झालं की झाकण घालून कोपऱ्यात सरकवता येईल असं.

आमच्या वस्तीतल्या बायका ब्लाऊज शिवायला पेठेतल्या शिंप्यांकडं टाकायच्या. शिंपी कापड घ्यायचे, पैसे घ्यायचे, ब्लाऊजही वेळेवर द्यायचे. फक्त माप घ्यायचे नाहीत. दुसऱ्या वस्तीतलं गिऱ्हाईक आलं की गळ्यातला टेप खाली यायचा. आम्ही गेलो की विचारायचे, "मापाचा ब्लाऊज आणलाय न्हवं?" शहरात तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं, तेवढी सभ्यता होती. मग मापाला जुना ब्लाऊज द्यायचा. तो जुना शिवताना त्याच्याहून जुना दिलेला असायचा. असं करत करत, कधीकाळच्या कुठल्या तरी चुकलेल्या ब्लाऊजवरून आमच्या बायकांचे सगळे ब्लाऊज बेतले जायचे. मुंढे, म्हणजे बाहीचे घेर, काचायचे, काखेत उसवायचे, आणि बायका म्हणायच्या, "आमचं अंगच तसलं." हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. अंगाचा काय दोष? अंगाला कुणी टेपच लावला नव्हता. चार पैसे मिळतील म्हणूनही मला मशीन हवं होतं, खोटं कशाला बोलू. पण आधी मला आमच्या बायकांची मापं घ्यायची होती.

नवं मशीन आमच्या आवाक्यात नव्हतं. जुन्या बाजारात मी किती तरी रविवार घातले. तिथली मशीनं म्हणजे म्हातारी माणसं दवाखान्यात ओळीनं बसावीत तशी. एकाला मूठ नाही, दुसऱ्याचं चाक फिरेना, तिसऱ्याची सुई वर गेली की खाली यायला तयार नाही. विकणारा मात्र प्रत्येकाची शपथ घ्यायचा. माझी त्यांच्याशी इतकी भांडणं झाली की पुढं पुढं मला लांबून बघूनच ते मशीनवर पोतं टाकायचे.

मग एके दिवशी नवरा कामावरून आला तो खुशीतच. त्याच्या जोडीचा कामगार मंगळवार पेठेत भाड्यानं राहायचा. त्याच्या घरमालकीणबाईंना त्यांचं हातमशीन विकायचं होतं. परदेशी बनावटीचं, लाकडी पेटीतलं, उचलून नेता येण्याजोगं. पैशांचं नवऱ्यानं त्या कामगारामार्फत बोलूनही ठेवलं होतं. फक्त जाऊन बघायचं, पटलं तर आणायचं.

निघताना त्यानं मला बजावलं, "तिथं जास्ती बोलायचं न्हाय. गाव मी सांगतो, आडनाव पण मीच सांगतो." त्याचा अर्थ मला कळला. आमच्या लोकांत ही युक्ती तेव्हा सर्रास चालायची. खोली बघायला जायचं असो की आणखी काही, गावाच्या नावाला 'कर' जोडायचं की आडनाव तयार. पुढचा माणूस गावाचाच विचार करत बसतो. राहायच्या खोलीसाठी असं केलं असतं तर मी काही बोलले नसते, पण मशीनसाठी नाव बदलायचं मला कसंसंच वाटलं. तरी गप्प बसले. मशीन हवं होतं.

मालकीणबाई साठीच्या पुढच्या असतील. कपाळ मोकळं, हात मोकळे, आवाज मात्र गल्लीच्या टोकाला पोचेल असा. "या पावणं, बसा की. गाव कंचं तुमचं?"

"कागलकडचं," नवरा म्हणाला.

"म्हंजी आमच्या म्हायेराकडचंच की," असं म्हणून त्यांनी आडनाव विचारलंसुद्धा नाही. लगेच चहा टाकला. आम्ही तो प्यायलो. नवऱ्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसत होता.

मग त्यांनी मशीन दाखवलं. घुमटासारख्या झाकणाची लाकडी पेटी, वर पितळी कडी. झाकण काढलं तर आत काळंभोर मशीन, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. जिथं कापड सरकायचं तिथली वेल घासून गेली होती. मला ते बघूनच भरून आलं. वापरलेलं मशीन होतं, नुसतं सांभाळून ठेवलेलं नव्हतं. मालकीणबाईंना मी एव्हाना काकी म्हणायला लागले होते; त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, ते त्यांना लग्नानंतर आणून दिलं होतं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं पुण्याला, सुनांना ते नको होतं, आणि काकींच्या डोळ्यांना आता सुईचं नाक दिसत नव्हतं. "गंजून पडण्यापरास कुणाच्या तरी हाताखाली फिरू दे," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं बोटाच्या पेरानं मशीनचं अंग ठोकून बघितलं, कान लावला, आणि खालच्या आवाजात मला म्हणाला, "ओतकाम झकास हाय, कुठं तडा न्हाय." ओतकाम म्हणजे त्याचा प्रांत. बाकीचं माझं. चाक जड फिरत होतं. मी खालची पट्टी सरकवली, आतलं खालच्या दोऱ्याचं लांबट, होडीसारखं शटल काढलं. त्याच्याखाली जुन्या दोऱ्यांचा गोळा अडकला होता. तो ओढून काढला, काकींकडून खोबरेल नव्हे, मशीनचं तेल मागून घेतलं, दोन थेंब सोडले. दोरा ओवून फडक्याच्या चिंधीवर टीप मारली. सरळ, बारीक, दोन्ही बाजूंनी सारखी टीप. काकींनी ती चिंधी हातात घेऊन अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाल्या, "हात चांगला हाय की तुझा." परीक्षेत पास झाले तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

आता झाकण घालून निघायचं, तेवढ्यात काकी आत गेल्या आणि तबक घेऊन आल्या. हळद, कुंकू, चार तांदूळ, एक नारळ. "घरातली लक्ष्मी भाईर निघाली," त्या म्हणाल्या. "कुंकू लावल्याबिगर कशी पाठवू? मी लावायची न्हाय, तू सवाष्ण हायस. लाव."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांनीच सांगितलं, लाव आणि चल. चिमूटभर कुंकू, त्यानं काय होतंय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण आमच्या घरातला देव्हारा सासूबाईंनी स्वतःच्या हातानं उतरवला होता. मी कपाळाला कुंकू लावत होते ते नवऱ्याचं म्हणून, वस्तूची पूजा आमच्यात कुणी करत नव्हतं. आता इथं मान खाली घालून मी हे केलं, तर पुढं प्रत्येक टीप मारताना मला ही लबाडी आठवणार. ज्या मशीनवर मला आमच्या बायकांना ताठ उभं करायचं होतं, ते वाकून घरी न्यायचं? मग राग आला. काकींचा नाही, माझाच.

"काकी, मी लावणार न्हाय," मी म्हटलं. "आम्ही बौद्ध. आमच्यात पूजा करत न्हाईत."

नवऱ्यानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. काकी तबक धरून तशाच उभ्या. तबकातला नारळ सावरत म्हणाल्या, "मगापासनं चा पिलासा. आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"आधी सांगितलं असतं तर चा मिळाला असता?"

उत्तर काकींना माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "मशीन देणार का न्हाय तेवढं सांगा. न्हाय म्हणालात तर जातो आम्ही."

"देतो म्हटलंय न्हवं? शबुद फिरवणाऱ्यातली न्हाय मी." आवाज पुन्हा गल्लीभर झाला होता. मग तबकाकडं बघून त्या एकदम हळू म्हणाल्या, "पर कुंकू कोण लावायचं आता?"

खरं सांगते, मला हसू आलं. एवढं सगळं होऊन बाईची अडचण तिथंच होती. "तुम्हीच लावा की," मी म्हटलं. "मशीन तुमचं हाय."

"मी कशी लावू?"

"का? हाताला काय झालंय?"

नवऱ्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं असणार. पण काकी चिडल्या नाहीत. "जीभ लई तिखट हाय तुझी," एवढं म्हणाल्या. मग खाली बसल्या. तबक जमिनीवर ठेवलं, हळदीत बोट बुडवलं, आधी हळद लावली. कुंकवाशी बोट थांबलं. त्यांनी एकदा दाराकडं बघितलं, आणि मग मशीनच्या काळ्या अंगावर कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं. बोट पदराला पुसलं तरी लाली काही गेली नाही. त्या बोटाकडंच बघत बसल्या. मी आणि नवरा हात जोडून नाही, पण अदबीनं उभे राहिलो, त्यांचं होईपर्यंत. त्यांनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला, वरून टाकला नाही. आमच्यामागं त्यांनी आमचे कप वेगळे ठेवले का, मला माहीत नाही. मी मागं वळून बघितलं नाही.

नवरा पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधायला लागला. मी म्हटलं, "बांधू नका, मी हातात घेते." पेटी चांगलीच जड होती. कडीनं बोटं लाल झाली, खांदा उतरला, पण भर पेठेतून मी ती स्वतः घेऊन आले. कुणी विचारलं की सांगत होते, "मशीन घेतलं." नवरा सायकल ढकलत शेजारून चालत होता. अर्ध्या वाटेत त्याला कंठ फुटला. "गेलं असतं की हातचं," तो म्हणाला. "पर बरं केलंस." एवढंच. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे लग्नात मिळालेल्या सगळ्या आशीर्वादांपेक्षा जास्त होतं.

घरी सासूबाईंनी झाकण काढलं आणि कुंकू बघून कपाळाला आठ्या घातल्या. "हे कुणी लावलं? तू?" मी सगळं सांगितलं. त्या ओलं फडकं घ्यायला उठल्या होत्या, तशाच खाली बसल्या. "राहू दे मग," म्हणाल्या. "तिनं तिच्या हातानं लावलंय. आपुन कशाला पुसायचं?" पुढं तेलाच्या हातानं ते आपोआप निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना म्हटलं, पहिला ब्लाऊज तुमचा. त्या लगबगीनं उठल्या आणि ट्रंकेतून आपला जुना ब्लाऊज काढून माझ्यापुढं धरला. सवयीनं.

"ते ठेवा," मी म्हटलं. "उभ्या राहा. मला तुमचं माप घ्यायचंय."

त्यांना उभं कसं राहायचं ते कळेना. फोटो काढताना राहतात तशा अंग ताठ करून उभ्या राहिल्या, श्वाससुद्धा घेईनात. मी छाती घेतली, खांदा घेतला. उजव्या दंडाला टेप गुंडाळला, आकडा बघितला. मग डाव्या दंडाला. मला वाटलं माझं चुकलं. पुन्हा घेतलं. चुकलं नव्हतं. उजवा दंड डाव्यापेक्षा चांगलाच जाड होता. सासूबाईंनी अर्धं आयुष्य रस्त्याच्या कडेला खडी फोडली होती. हातोडा उजव्या हातात. आणि इतकी वर्षं त्यांना दोन्ही बाह्या सारख्या शिवून मिळाल्या होत्या. उजवी बाही काखेत उसवायची, त्या पुन्हा टाके घालायच्या, आणि शिंप्याला नाही, स्वतःच्या अंगाला बोल लावायच्या.

मी दोन बाह्या दोन मापांच्या कापल्या. कोर्समध्ये हे शिकवलं नव्हतं. मूठ फिरवत त्याच दिवशी ब्लाऊज पुरा केला. सासूबाईंनी तो अंगात घातला, हुक लावले आणि उजवा हात भीत भीत थोडा वर केला. काही उसवलं नाही. आणखी वर केला. मग पार डोक्यावर नेला, पत्र्याखालच्या वाशाला लावला आणि तसाच धरून उभ्या राहिल्या.

"हात वर जातोय की गं," त्या म्हणाल्या.