बिभीषण बोलू लागला त्याची गोष्ट

येडशीच्या बिभीषणची लेक करिश्मा काविळीनं गेली. जावयानं दुसरं लग्न केलं आणि करिश्माची दोन वर्षांची पोर वैष्णवी आजोबांकडं आली. घरात तिसरं माणूस नव्हतं. बिभीषणला रडू आलं नाही. तो शेळ्या चारायचा, पोरीला भरवायचा, निजवायचा. तोंडातून शब्द मात्र निघायचा नाही. पोर तीन वर्षांची झाली तरी बोलेना.

अंगणवाडीच्या वर्षाराणीताईंनी विचारलं, "बाबा, घरी हिच्याशी कोण बोलतं?"

"कुणी न्हाय. म्या तरी काय बोलू?"

"जे दिसंल ते सांगा. ऐकल्याबिगर पोर शिकणार कशी?"

दुसऱ्या दिवसापासून तो सांगू लागला. ही बाभळ, ही काबरी शेळी, हा भाकरीचा तुकडा. मन कशातच नव्हतं. औषधाची गोळी गिळावी तसा तो रोज बोलायचा. आठ महिन्यांत पोर बोलू लागली, आणि मग थांबेना.

एका दुपारी तिनं विचारलं, "आबा, माझी आई कुठंय?"

"वारली ती," बिभीषण म्हणाला. आताही त्याला रडू आलं नाही. पोर तोंडाकडं बघतच राहिली, तेव्हा तो म्हणाला, "करिश्मा नाव होतं तिचं. लई बडबडी होती."

मग दोघांनी शेळ्या पाण्यावर नेल्या.